आडात 200, पोहऱ्यात 18

आमच्या नेटच्या प्लॅनवर 200 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 200 मेगाबिट, असं लिहिलंय आणि दर महिन्याला पैसेही तेवढ्याचेच जातात. पण वरच्या मजल्यावर माझ्या कामाच्या टेबलापाशी स्पीड टेस्ट लावली की काटा 18 ला दमायचा. कधी 22, कधी उगाचच 9. मी सांगलीतून पुण्याच्या एका कन्सल्टंटसाठी स्ट्रक्चरल ड्रॉइंग करते. एका इमारतीची फाइल सहज 250 मेगाबाइटची होते. इंटरनेटवाले वेग विकतात मेगाबिटमध्ये, आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये बिट असतात आठ. म्हणजे ती फाइल उतरायला 200 च्या वेगाने दहा सेकंद, आणि 18 ने जवळजवळ दोन मिनिटं. दिवसभर अशा फाइलींची ये-जा चालू असते, त्यामुळे हा फरक चांगलाच जाणवतो.

सल्ले फुकट मिळतात, तसे भरपूर मिळाले. केबलवाल्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, 300 चा प्लॅन मारा, मग बघा." दुकानदाराने सहा दांड्यांचा राऊटर पुढे केला. भाच्याचा फोन आला, "मावशी, आता घ्यायचंच तर वायफाय 7 घे." बाबांचं मत वेगळंच: "अगं, समोरच्यांचं झकास चालतं. त्यांनाच विचार ना काय लावलंय."

मला मात्र आधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघायचं होतं. पाणी आडातच नाही, की पोहऱ्याला भोक आहे?

हे तपासायचं तर वायफाय बाजूला ठेवून वायर लावायची. घरात येणारी फायबर खाली हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात एका पांढऱ्या डब्यात शिरते. त्याला ओएनटी म्हणतात. हा डबा प्रकाशातून आलेला डेटा तांब्याच्या वायरीवर आणतो, आणि आमच्याकडे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं कामही तोच करतो. त्याच्या लॅन पोर्टाला थेट लॅपटॉप जोडला: 198. म्हणजे आड भरलेला होता. केबलवाल्यावरचा निम्मा राग तिथेच गेला. मग तीच वायर डब्याला जोडलेल्या आमच्या राऊटरच्या पोर्टात लावली: 94. पुन्हा लावली, पुन्हा 94. वायफायचा अजून संबंधही आलेला नव्हता आणि निम्मा वेग गायब.

हा 94 चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 80 नाही, 110 नाही, अगदी 94 च्या आसपास येऊन वेग अडत असेल तर बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी 100 एमबीपीएसचा सांधा असतो. डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता वगैरे लिहिण्यात पाच-सहा टक्के जातात आणि हातात 94 उरतात. राऊटर पालथा करून मागचं लेबल वाचलं, मग कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची माहिती काढली. सगळे पोर्ट 10/100, म्हणजे जास्तीत जास्त 100 एमबीपीएसचे. गिगाबिट, म्हणजे 1000 चा, एकही नाही.

आणि खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत 1200!

हा 1200 कसा बनतो ते एकदा नीट समजून घेतलं, आणि मग दुकानातली सगळीच खोकी वेगळी दिसायला लागली. घरातलं वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं. एसी (ही वायफायची एक पिढी) 1200 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 867, यांची बेरीज करून वर गोल केलेली. आपला फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच हाती लागत नाही. शिवाय 867 हा राऊटर आणि फोन यांच्यात ठरलेला हवेतला वेग. प्रत्यक्षात अगदी समोर बसलं तरी त्यातला अर्धा-पाऊण भाग मिळतो, कारण वायफायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या एका तुकड्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं, आणि प्रत्येक निरोपाची पोच घ्यायची. वर आमच्या राऊटरला मागून रस्ताच शंभराचा, तेव्हा पुढे 867 असले काय नि 8,670 असले काय! असा राऊटर अजूनही सर्रास विकला जातो आणि खोक्यावर पोर्टाचा वेग कुठेतरी बारीक अक्षरांत असतो. मला हे सरळ सरळ चलाखीचं वाटतं.

पण 94 चं कोडं सुटलं तरी वरचे 18 राहिलेच. ते हवेतलं प्रकरण होतं.

घरातल्या एकेका फोनवर वायफायच्या नावाला टिचकी मारून तपशील उघडला. अँड्रॉइडवर तिथे 'लिंक स्पीड' दिसतो, आणि हा आकडा बरंच काही बोलतो. राऊटरच्या समोर बसून माझ्या फोनवर 866. मुलाच्या टॅबवर 433. बाबांच्या फोनवर 72. राऊटर एक, खोली एक, आणि आकडे तीन. माझ्या फोनला दोन अँटेना आहेत आणि तो 5 गिगाहर्ट्झवर बोलतो. टॅबही 5 वर बोलतो, पण त्याची अँटेना एकच, म्हणून बरोबर निम्मे. बाबांच्या फोनला 5 गिगाहर्ट्झ कळतच नाही, 2.4 वर एका अँटेनाचे 72, आणि स्पीड टेस्टमध्ये त्यातले चाळीसेक. वेग दोघांच्या संमतीने ठरतो आणि जो कमी शिकलेला, त्याच्या पायरीवर उतरावं लागतं. राऊटरला सहा दांड्या असल्या तरी बाबांचा फोन 72 च्या वर जाणार नव्हता.

इथे ती नावांची उतरंड लागते. या सगळ्या मानकांचं मूळ नाव 802.11, आणि पुढे अक्षरं. पहिलं 1997 मध्ये आलं, तेव्हा कमाल वेग होता 2 एमबीपीएस. 1999 मध्ये 'बी' आलं 11 चं, 2003 मध्ये 'जी' आलं 54 चं. 2009 च्या 'एन'ने एकाच वेळी अनेक अँटेनांवरून वेगवेगळा डेटा पाठवायची सोय केली आणि खरी उडी तिथे बसली. 2013 मध्ये 'एसी', 2021 मध्ये 'एएक्स'. ही अक्षरं कुणाच्याच लक्षात राहत नव्हती, म्हणून वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने 2018 मध्ये आकडे दिले: एन म्हणजे वायफाय 4, एसी म्हणजे 5, एएक्स म्हणजे 6. वायफाय 7 ची प्रमाणपत्रं जानेवारी 2024 पासून मिळायला लागली.

यात एक गंमत आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही. वायफाय 5 हे मानक फक्त 5 गिगाहर्ट्झसाठी आहे. म्हणजे 'वायफाय 5 राऊटर' म्हणून आपण घेतो, त्याची 2.4 ची बाजू जुन्या वायफाय 4 चीच असते. वरच्या टेबलापाशी माझा फोन 5 वरून घसरून 2.4 वर जात होता, म्हणजे तिथे मी 2009 सालच्या मानकावर काम करत होते.

घसरत का होता, हे मात्र मला कुणी समजावायची गरज नव्हती. हे घर बाबांनी 1988 साली बांधलं, 9 इंची विटांच्या भिंतींचं. वरचा मजला नंतर चढवला. हॉलच्या कोपऱ्यातून माझ्या टेबलापर्यंत तिरकी रेघ मारली तर वाटेत एक 9 इंची भिंत, सळयांचं जाळं घातलेला स्लॅब आणि आईचं लोखंडी कपाट येतं. फुकटचं वायफाय ॲनालायझर ॲप घेऊन घरभर फिरले. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दर 10 नी खाली गेलं की ताकद दहाव्या हिश्शावर येते. हॉलमध्ये उणे 45. जिन्याच्या वळणावर उणे 62. टेबलापाशी 2.4 चा उणे 74, आणि 5 चा उणे 86, म्हणजे असून नसल्यासारखा. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायचा तर साधारण उणे 67 पर्यंत तरी हवा. 5 गिगाहर्ट्झची लहर डेटा वेगाने नेते, पण काँक्रीट आणि वीट तिला जास्त खातात. 2.4 पोचते लांब, पण दमाने.

त्याच ॲपवर आमच्या गल्लीची हवा दिसली. 2.4 वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं एकमेकांवर चढलेली, नुसती जत्रा! भारतात हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला 2005 मध्ये मोकळा झाला. रुंदी एकूण 83.5 मेगाहर्ट्झ. त्यात चॅनेल 13, पण दोन चॅनेलांमध्ये अंतर फक्त 5 मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येकाला जागा लागते 20 ची. म्हणून एकमेकांना न खेटणारी चॅनेलं तीनच: 1, 6 आणि 11. आमचा राऊटर 8 वर बसला होता. मधलं रिकामं दिसलं म्हणून कुणीतरी लावलं असणार. पण ते वाईटच, कारण 8 वरून 6 वाल्यांचाही गोंगाट आणि 11 वाल्यांचाही. एकाच चॅनेलवर दोन राऊटर असले तर ते एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळी लावतात. अर्धवट खेटलेल्यांना शेजारच्याचं बोलणं नुसती खरखर वाटते. खोक्यावरचे ते 300 सुद्धा 40 मेगाहर्ट्झची दुप्पट रुंदी धरून काढलेले असतात. इतक्या गर्दीत ती मिळणं अवघडच. 20 वर आलं की 300 चे 144 होतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही 2.45 गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे आई दूध गरम करायला ठेवते तेव्हा आकडे आणखी घसरतात, हेही बघून झालं.

5 गिगाहर्ट्झवर मात्र 2018 च्या अधिसूचनेनंतर एकूण 605 मेगाहर्ट्झ मोकळे आहेत. आमच्या ॲपवर तिथे दोनचार नावं सोडली तर रान मोकळं. मला वर हवं होतं ते हेच, पण ते स्लॅबमधून येणार नव्हतं. तेव्हा राऊटरच वर न्यायला हवा होता.

दुकानदार म्हणत होता, "एक्स्टेंडर लावा की, प्लगमध्ये खुपसलं की झालं." साधा एक्स्टेंडर खालून हवेतून घेतो आणि हवेतूनच पुढे देतो, बहुतेकदा त्याच पट्ट्यावर. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागते आणि वेग अर्ध्यावर येतो. शिवाय तो माझ्या टेबलाशी लावला तर त्यालाही उणे 74 च मिळणार. वायर नेता येत असेल तर वायरीला तोड नाही, आणि आमच्याकडे जिन्यातून वर जाणाऱ्या पीव्हीसी पाइपात एक लॅन केबल आधीपासून पडून होती. वरचा मजला झाला तेव्हा केबलवाल्याच्या माणसांनीच टाकलेली.

मग राऊटर कोणता? भाच्याच्या वायफाय 7 चा विचार केला, नाही असं नाही. पण त्याचं खरं वैभव 6 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. तिथे 320 मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल मिळतं. भारतात मी हे सगळं करत होते तेव्हा, मे 2025 मध्ये, 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ मोकळं करायच्या नियमांचा नुकता मसुदा निघाला होता. त्या 500 मेगाहर्ट्झमध्ये 320 चं चॅनेल बसतं एकच. आणि घरात वायफाय 7 ओळखणारं एकही यंत्र नाही. माझा लॅपटॉप वायफाय 6 चा, म्हणून वायफाय 6 घेतला. हे मानक 2.4 वरही चालतं आणि एकाच पाळीत अनेक यंत्रांना थोडं थोडं वाटून देतं, हे त्याचे खरे दोन गुण. एएक्स 1500, म्हणजे 300 अधिक 1201. अडीच हजारांच्या आत मिळाला. दुकानात मी एकच गोष्ट धरून बसले: सगळे पोर्ट गिगाबिट आहेत हे खोक्यावर दाखवा. दुकानदाराने तीन खोकी फिरवून फिरवून वाचली. आमच्या नेहमीच्या कंपनीचं स्वस्तातलं मॉडेल त्यात बाद झालं.

राऊटर वर आणला, पाइपातून आलेली वायर त्याला लावली, लॅपटॉप दीड हातावर ठेवला, लिंक स्पीड 1201 दिसला. टेस्ट लावली.

94.

नवा राऊटर, नवी हवा आणि तोच आकडा! पण आता हा आकडा ओळखीचा होता. राऊटरच्या पानावर पोर्टाची स्थिती बघितली, तर 100 वर जोडलेला. खालचा डबा गिगाबिट, वरचा राऊटर गिगाबिट, म्हणजे उरली वायर. केबलवर कॅट 5 ई छापलेलं होतं, तीही गिगाबिटला पुरेशी. मग जॅक उजेडात धरून बघितला. पारदर्शक प्लास्टिकच्या आत आठ खाचा असतात. त्यातल्या चारांतच तारा होत्या: केशरी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी आवरणापाशीच कापून टाकलेली. 100 एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणून वेळ वाचवायला कुणीतरी तेवढ्याच भरल्या होत्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळ्या-तपकिरीतली एक तार जरी सुटली तरी दोन्ही टोकं बहुतेकदा गुपचूप 100 वर तडजोड करतात. दिवा हिरवा पेटतो, नेट चालतं, तक्रार कुणाकडे करणार?

केबलवाल्याचा मुलगा आला. मी दाखवल्यावर त्याने जॅक फिरवून बघितला आणि हसला. "मॅडम, तेव्हा 20-30 चे प्लॅन होते. चारच मारायचो आम्ही." खरंच होतं ते, त्यात त्याचा दोष काही नाही. त्याने जुना जॅक छाटला, बोटभर आवरण सोललं, पीळ उलगडून तारा अंगठ्याखाली सरळ केल्या आणि रंग लावले: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मधल्या निळीला कवेत घेऊन बसते, तिथेच लोक चुकतात म्हणे. कात्रीने टोकं एका रेषेत, नवा जॅक, क्रिम्पिंगच्या पकडीचा कट्ट आवाज. मग खाली जाऊन दुसरं टोक. टेस्टरवर 1 ते 8 दिवे ओळीने पळाले. राऊटरच्या पानावर 1000 दिसलं, आणि टेबलापाशी वायफायवर 192.

जुना राऊटर टाकून द्यायचं कारण नव्हतं. आईबाबांना खाली 94 म्हणजे चंगळ. 4के व्हिडिओलाही साधारण 25 पुरतात. दोन्ही राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवले, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकट्या पांढऱ्या डब्याकडे राहिलं. डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलं. दोन्ही राऊटरना नाव एक, पासवर्ड एक, पण चॅनेल वेगळे: खाली 1 आणि 36, वरच्या मजल्यावर 11 आणि 149 (पहिला आकडा 2.4 चा, दुसरा 5 चा). 2.4 ची रुंदी हट्टाने 20 केली. खालचा राऊटर टीव्हीच्या मागून काढून फडताळावर उंच ठेवला. एवढ्यानेच आईच्या खोलीतला सिग्नल 8 अंकांनी सुधारला. पैसा खर्च शून्य.

एक कटकट उरली. खालून वर आलं तरी माझा फोन खालच्यालाच चिकटून राहायचा. कुणाला धरायचं आणि कधी सोडायचं हे राऊटर नाही, फोन ठरवतो, आणि फोन फार मायाळू असतात; अगदी उणे 78 पर्यंत सोडत नाहीत. असा लांबून कण्हणारा फोन सगळ्यांनाच महागात पडतो. तो हळू बोलतो, म्हणून तेवढ्याच डेटासाठी हवा जास्त वेळ अडवतो. खालच्या राऊटरची 2.4 ची ताकद 'मध्यम' केली, तेव्हा जिना चढता चढता फोन सोडायला शिकला.

सुरक्षेचं मात्र चाचपडतच जमलं. नव्या राऊटरवर डब्ल्यूपीए 3, म्हणजे वायफायला कुलूप घालायची नवी पद्धत, लावली आणि मुलाचा टॅब यादीतून गुल. ते मानक 2018 चं, टॅबला कळेना. मग डब्ल्यूपीए 2 आणि 3 मिश्र ठेवलं. 2004 पासूनचं डब्ल्यूपीए 2 लांब पासवर्डासह अजून चालण्यासारखं आहे. त्याहून जुनं डब्ल्यूईपी मात्र कुठे दिसलं तर लगेच बदलायचं. ते 2001 मध्येच फोडलं गेलंय. मागचं बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद करून टाकली. बाबांच्या न्हाणीघरातल्या गीझरच्या स्मार्ट प्लगने मिश्रलाही दाद दिली नाही. त्याला निव्वळ डब्ल्यूपीए 2 लागतं आणि 2.4 चाच पट्टा कळतो. जुन्या राऊटरवर दोन्ही आहेत, म्हणून तो तिथे सुखाने नांदतोय, आणि जुना राऊटर घरात राहायला आणखी एक कारण झालं.

केबलवाल्याच्या मुलाने परवा पुन्हा 300 च्या प्लॅनचं विचारलं. त्याला म्हटलं, आता घेतला तर वर पोचेल तरी. पण 250 च्या फाइलीला दहाच्या जागी सात सेकंद, एवढ्यासाठी महिन्याला जास्तीचे पैसे कशाला? त्यापेक्षा समोरच्या काकांकडे जा. बाबांनी विचारलं तेव्हा कळलं, त्यांचा प्लॅन शंभराचाच आहे. घर एका मजल्याचं, राऊटर मधोमध.